भोक पडेल तेवढाच जाड

बसा इथे, घाई कसली? एक गोष्ट सांगतो. रेसच्या गाडीची आहे, पण गाडी हिच्यात एकदाही पळायची नाही. आधीच सांगून ठेवतो, नंतर तोंड वाकडं करू नका.

तर पाइपाचा तुकडा. बांगडीएवढा, नमुन्याला नुकताच कापलेला, कड अजून कोमट. ताईने तो डोळ्यासमोर धरला होता आणि त्यातून समोरची भिंत, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ, सगळं गोल गोल दिसत होतं... सगळे तिला ताईच म्हणतात. भाऊ म्हणतो म्हणून गिऱ्हाईकं म्हणतात, गिऱ्हाईकं म्हणतात म्हणून हा लोखंडवालाही म्हणतो, जो तिच्या बापाच्या वयाचा आहे. त्याच्या गोदामात ती सकाळपासून उभी होती. पाइप वाकवायचं, जोडायचं वर्कशॉप तिचं, आणि भावाच्या गाडीला पिंजरा करायचा होता. रेसच्या गाडीत आतून पाइपांचा पिंजरा बसवतात, गाडी उलटली तर टप खाली बसून आतल्याचं डोकं छातीत जाऊ नये म्हणून.

पाइपांचे ढीग दोन. बाहेरून सख्खे जुळे. आतून एक जाड, एक पातळ. पातळ घेतला की गाडी हलकी, गाडी हलकी की भाऊ पुढे. पण स्पर्धेचा नियम जाडाचा. तपासनीस येतो, गाडीच्या दाराजवळच्या उभ्या पाइपाला बारीक भोक पाडतो, त्यातून जाडी मोजतो आणि शिक्का मारतो. दरवेळी तोच पाइप, कारण त्याचे गुडघे दुखतात आणि तिथे फार वाकावं लागत नाही.

काल जेवताना भाऊ म्हणाला होता, "ताई, भोक पडेल तेवढाच जाड घाल. बाकी सगळा पातळ. कोण बघतंय?"

"आणि उलटलास तर?"

"मी उलटतो का कधी?" ताटातून मान वर न करता तो हसला. "तू ना, तोंड उघडलं की अपशकुन. वाढ अजून."

वाढ अजून... हे दोन शब्द ती रात्रभर चघळत होती. वाढतेच आहे की! तो पाच वर्षांचा असताना कुंपणावरून पडला, गुडघा फुटला त्याचा आणि थोबाड रंगलं हिचं. "लक्ष कुठं होतं तुझं?" बाप गरजला होता. लक्ष त्याच्यावरच होतं. जन्मभर त्याच्यावरच — बाप गेला, वर्कशॉप गळ्यात आलं, एकजण बघायला आला होता, बरा होता, हसायचा चांगला, म्हणाला हे सगळं बंद कर आणि चल, आणि ही म्हणाली, छोट्याचं मार्गी लागू दे... लागला छोट्या मार्गी. असा लागला की सुट्टीच्या दिवशी फिरून फिरून तिथेच येतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

मागच्या मोसमात कप मिळाला तेव्हा माइकवर म्हणाला, "हे माझ्या बाबांचं स्वप्न होतं." बाबांना सायकलची भीती वाटायची. ही खाली उभी, त्याचं हेल्मेट पोटाशी धरून, आतून त्याच्या घामाचा वास, आणि शेजारची बाई म्हणाली, "भावाचं किती करता हो तुम्ही!" — ही हसली. वाकवताना पाइप करकरतो तशी हसली.

"भावाचं किती करता हो, ताई!" लोखंडवालाही आत्ता तेच म्हणाला. "दुसरी असती तर म्हणाली असती, तुझं तू बघ."

"दुसरीचा बाप दुसरा असतो," ताई म्हणाली.

तो खो खो हसला. "मग? कुठला कापू?"

जाड घ्यावा तर गाडी जड. दोनदा हरला की तोंड फुगवून बसेल, ताईने गाडीची म्हैस केली म्हणून गावभर सांगत सुटेल. आणि गाडी उलटलीच नाही, तर जाड पाइप म्हणजे नुसतं ओझं, कुणी त्याचं नावही घेत नाही... ते तिला चांगलं ठाऊक होतं. पातळ घ्यावा तर — त्याचीच इच्छा. त्याची गाडी, त्याची मान. तो मागतो, मी देते, हेच तर चालत आलंय.

हा विचार इतका गुळगुळीत आला की पाय आपोआप पातळ ढिगाकडे वळले. हात पाइपावर पडला, आणि तेव्हा तिला दिसलं — वळण, धूळ, उताण्या झुरळासारखी गाडी, चाकं अजून फिरतायत, लोक धावतायत. सगळेच धावतायत, तो गुडघेदुखीवाला तपासनीससुद्धा. त्या धावणाऱ्यांत ती स्वतःला शोधत राहिली. सापडली कडेला. फडक्याला हात पुसत उभी होती, एकेक बोट, सावकाश. आणि तिला बरं वाटत होतं. वर्कशॉपचं शटर ओढल्यावर खांदे सैल पडतात ना, तसं.

चटका बसावा तसा तिने हात काढून घेतला. इतकी वर्षं ती एकाच गोष्टीला टेकून उभी होती, की तो कसाही असो, मी चांगली आहे. आता त्याला शिव्या घालाव्यात म्हटलं तर तोंडात एक येईना. काल ताटावर विचारलं होतं, उलटलास तर? ते काळजीने विचारलं होतं, की... चौकशीने?

"ताई? कुठला?" लोखंडवाल्याने मशीन चालू केलं. पातं नुसतंच हवेत ओरडत राहिलं. तिच्या मुठीत तो बांगडीएवढा तुकडा अजून होता. कुठल्या ढिगातला, ते अंगठ्याला बरोबर कळत होतं. तिला अंगठ्याला विचारायचं नव्हतं.

पुढचं मला विचारू नका. पिंजरा झाला, रंग लागला, तपासनीसाने कण्हत भोक पाडलं आणि शिक्का मारला. तिथे जाड होता. तिथे जाडच असणार. तुम्ही एवढंच करा — कधी शर्यतीला गेलात आणि ती दिसली, हेल्मेट पोटाशी धरून उभी, तर काहीही बोला, हवापाण्याचं बोला, हवं तर भांडा. पण भावाचं किती करता हो, एवढं तिला म्हणू नका.