नागाबाईच्या वाट्याचे दाणे

मी तापट हाय, आधीच सांगते. नांदेडच्या लॅबमधून दर सोमवारी जळकोटला येते, आणि मशीन बाहेर काढलं की कुणीतरी बोट पुढं करतंच. "अगं माय, शुगर न्हाई तपासायची! शेंगदाण्यातलं विष तपासायचं हाय!" किती बाऱ्या सांगायचं? पण त्यांची तरी काय चूक? मशीन दिसतंच शुगरच्या मशीनसारखं, तळहातावर मावणारं. दाणे बारीक करून औषधात हलवायचे, गाळलेला थेंब पट्टीवर सोडायचा. पट्टीतून बारीकसा करंट जातो आणि वीस मिनिटांनी आकडा येतो. बुरशीचं विष पंधराच्या आत असलं की माल पास.

नीलाबाईंच्या बचत गटाचे लाडू अंगणवाडीत जातात, म्हणून माझी ही खेप. सात महिन्यांत माल एकदाही नापास झाला न्हाई. त्या दिवशीही आकडा आला चार.

"मावशी, तुझ्या हाताला तोड न्हाई बघ," मी नागाबाईला म्हणले. गटाचे दाणे तीच निवडते. सूप मांडीवर घेते आणि सुरकुतलेला, काळपट दाणा दिसला की टिपून बाजूला टाकते. डोळ्याला चष्मा न्हाई, काही न्हाई.

"लेकरांच्या तोंडात जायचं हाय बाई ते," ती म्हणली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "निघते आता. माझी लेक पुनम वाट बघून राहिली. सातवा लागलाय तिला. सकाळपासून नुसतं चटणी-भाकर, चटणी-भाकर लावलंय."

बाजूला टाकलेले दाणे तिनं पदरात बांधले आणि गेली. मला त्यात काही नवल वाटलं न्हाई. चांगला माल मालकाचा, बाजूला काढलेला निवडणारीचा, ही आमच्याकडची रीतच हाय. माझी माय मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, दाणे निवडायची. तिच्या पदरातल्या दाण्यांची चटणी खाऊनच मी मोठी झाले.

पिशवी आवरताना सूप उचललं. कडेला तसले मूठभर दाणे राहून गेले होते. एक फोडला तर आतली हिरवट भुकटी बोटाला लागली. सात महिने मी निवडलेला माल तपासून राहिले होते. बाजूला काढलेल्या दाण्याला कधी हातसुद्धा लावला न्हवता!

एकच पट्टी शिल्लक होती. त्या दाण्यांचा थेंब टाकला आणि पुनमला फोन लावला. उचलला न्हाई. परत लावला. न्हाईच. तसंच पळावं वाटलं, पण आकड्याशिवाय नागाबाई ऐकणारी बाई न्हाई, म्हणून बसले. वीस मिनिटांत चटणी कुटून होती, भाकरी थापून होती, ताट वाढून होतं. मी घड्याळाकडं बघत स्वतःलाच शिव्या देत होते.

आकडा आलाच न्हाई. मशीनला मोजता येतं त्याच्याही पलीकडं गेलं होतं. मी मशीन हातात धरून पळत सुटले. चप्पल वाटेत तुटली, ती तिथंच टाकली.

पुनम चुलीजवळ ताट घेऊन बसली होती. हातात घास, घासाला लाल चटणी. मी तिच्या हाताला असा फटका मारला की घास भिंतीला जाऊन लागला.

"डोकं फिरलं का गं तुझं?" नागाबाई अंगावर आली. "पोटुशी बाईच्या हातचं अन्न पाडतीस?"

"मावशी, विष हाय त्यात."

"खरपूस भाजलेत मी!"

"भाजल्यानं बुरशी मरती, विष मरत न्हाई." मी मशीन तिच्यापुढं धरलं. "लाडवाचे दाणे पास होतात, कारण तू सगळी घाण बाजूला काढतीस. आणि ती सगळी तुझ्या पदरात येती."

नागाबाईनं पदर झटकला.

"दोन महिन्यांपासून मी माहेरीच हाय," पुनम हळूच म्हणली. "रोज हीच चटणी खाल्ली."

मला इतकी लाज वाटली की तिच्याकडं बघवेना. दर सोमवारी पासचा शिक्का मारून मी चहा पिऊन जात होते. "उद्या सकाळी मी स्वतः दवाखान्यात नेते," मी म्हणले. "डॉक्टरला सगळं सांगू."

नागाबाईनं ते ऐकलं का न्हाई, कोण जाणे. तिनं पुनमचा हात ओढून घेतला, चटणीनं भरलेलं बोट आपल्या पदराला पुसलं आणि माझ्या मशीनपुढं धरलं.

"तपास," ती म्हणली.

बोट पुढं करणाऱ्या सगळ्यांवर मी खेकसते. तिच्यावर खेकसले न्हाई.

"मावशी, हे माणसाला लागत न्हाई गं."

तिनं बोट मागं घेतलं न्हाई.