जावईबापूंची दर्यावर स्वारी

"समुद्र फक्त लायक माणसालाच पैलतीर दाखवतो," असं आमच्या जावईबापूंनी जाहीर केलं, तेव्हा ते स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होते आणि खालून माझी मुलगी स्टूल धरून उभी होती. स्टूल हललं की ते "धर गं नीट" म्हणून ओरडत.

जावईबापूंचं चष्म्याचं दुकान आहे. म्हणजे डोळे तपासते मुलगी, काचा बसवते मुलगी. जावईबापू गिऱ्हाइकापुढे आरसा धरतात. एवढ्या श्रमाने माणूस थकणारच. दोन वर्षांपूर्वी त्यांना फळीचा नाद लागला. लांबलचक फळीवर उभं राहायचं, हातात एकच वल्हं, आणि आमच्या बेटावरून पलीकडच्या बेटावर जायचं. मध्ये चाळीस किलोमीटर पाणी. रोज जाणाऱ्या बोटीत बसायला जागा मिळते, हे मी एकदा सुचवून पाहिलं. ते माझ्याकडे डॉक्टर रोग्याकडे बघतो तसे बघत राहिले.

मग त्यांनी घोषणा केली. यंदाची फळ्यांची शर्यत पुरी झाली तर दुकान बंद करायचं आणि सगळ्यांनी त्या पलीकडच्या बेटावर राहायला जायचं. तिथे ते 'समुद्रसाधना केंद्र' काढणार. नाही झाली तर फळी विकून जन्मभर आरसा धरणार.

"आणि तू हो म्हणालीस?" मी मुलीला विचारलं.

"पोचला तर एक शब्द बोलणार नाही, असं मी म्हणाले त्याला. आठ वर्षं घातलीत मी त्या दुकानात, बाबा." मग म्हणाली, "त्याच्या सोबतीच्या होडीत तुम्ही बसा. बुडू देऊ नका, बस्स."

प्रत्येक स्पर्धकामागे इंजिनाची एक होडी असते. तीत होडी चालवणारा तांडेल आणि घरचं एक माणूस. घरच्या माणसाने केळी आणि पाणी काठीला बांधून पुढे करायचं. स्पर्धकाने होडीला बोट लावलं तरी तो बाद. बाकीची घरची मंडळी आदल्या दिवशीच बोटीने पलीकडे जाऊन स्वागताला उभी राहतात.

शिट्टी वाजली. तासाभरात सगळे स्पर्धक दिसेनासे झाले. आमचे चिरंजीव-जावई मागे राहिले, ते "दम राखून" होते म्हणे. चहूकडे नुसतं पाणी. जावईबापू दर दोन मिनिटांनी मान वळवून होडीकडे बघत आणि फळी जराशी डावीकडे घेत. लगेच तांडेलही होडी डावीकडे घेई.

सकाळी माझा उजवा कान तापला होता. मग मान तापली. दुपार व्हायच्या आतच डावा कान तापायला लागला तेव्हा मी तांडेलाला हळूच विचारलं, "आपण कुठं चाललोय हो?"

"मला काय माहीत? मला सांगितलंय, साहेबांच्या मागे राहा. मी मागे आहे."

"आणि साहेब?"

"ते आपल्याकडे बघून दिशा ठरवतायत. फळीवरून लांबचं दिसत नाही ना." त्याने बिडी पेटवली. "सांगा की त्यांना, काका."

"तुम्ही सांगा. होडी तुमची आहे."

"जावई तुमचा आहे."

"म्हणून तर," मी म्हटलं. जावयाची चूक सासऱ्याने दाखवणं बरं दिसत नाही. आमच्या घराण्यात ते कधी झालेलं नाही, आणि त्या दिवशी तर घराण्याची रीत मला फारच जिव्हाळ्याची वाटायला लागली होती.

"बाबा!" फळीवरून आरोळी आली. "वेग कसा वाटतोय?"

"वेगाला तोड नाही!" मी ओरडलो. त्यांनी वेगच विचारला होता. मी काठीने केळं पुढे केलं.

सात तासांनी समोर बेट दिसलं. जावईबापूंनी अशी किंकाळी फोडली की तांडेलाच्या हातातली बिडी पाण्यात पडली. मग ते असे वल्हवत सुटले, की काय सांगू! किनाऱ्याला लागले, फळी टाकली, गुडघे टेकले आणि वाळूचा मुका घेतला. चार पावलांवर एक बाई केळ्यांची सालं झाडत होती. तिने झाडू थांबवला, वाळूकडे पाहिलं, आणि पुन्हा झाडायला लागली.

दोन माणसं शिडीवर चढून कापडी फलक सोडवत होती. जावईबापू उठले. अक्षरं दाखवण्याच्या धंद्यातला माणूस; पण तो एकच शब्द वाचायला त्यांना बराच वेळ लागला. फलकावर लिहिलं होतं : प्रारंभ.

ते तांडेलाकडे वळले. तांडेल माझ्याकडे बघत होता. मी समुद्राकडे बघत होतो.

माझा फोन वाजला. मुलगी पलीकडच्या बेटावरून विचारत होती, "बाबा, कुठवर आलात? इथं सगळे पोचले."

मी फोन जावईबापूंच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला. अंगावरून पाणी निथळत होतं, दात वाजत होते.

"हो. इकडेच," ते म्हणाले. "सोमवारी उघडू दुकान. हो, मी बसतो ना. ऐक... संध्याकाळच्या बोटीने येशील तेव्हा माझी पिशवी आण. कोरडी चड्डी तीत आहे."