उरतील त्या सहा भाकरी

मुलांनो, आधी डोक्यावर एक पाटी घ्या. खरी नको, मनातली. पाटीत ज्वारीच्या छत्तीस भाकरी आहेत, नुकत्याच तव्यावरून उतरलेल्या. फडक्यातून त्यांची ऊब तुमच्या टाळूला लागते आहे. एका हातात आमटीची किटली आहे. तुम्ही अकरा वर्षांचे आहात, सकाळी गुळाचा खडा खाऊन पाणी प्यायलात, त्यानंतर पोटात काही नाही. मळ्याची वाट अर्ध्या कोसाची आहे आणि पाटीतल्या एकाही भाकरीला हात लावायचा नाही. चला, चालायला लागा.

बनू अशी रोज चालत होती. साल होतं १९४४, महिना पौष, आणि गाव पलूसजवळचं. बनूचे वडील पलटणीत होते, दूर लढाईवर. घरात थोरले चुलते लालासाहेब होते, त्यांना ती तात्या म्हणे. त्यांची बायको राहीबाई म्हणजे बनूची थोरली आई. शिवाय बनूची आई शालूबाई आणि चार महिन्यांचा भाऊ सिद्धू. त्यांच्या उसाचं गुऱ्हाळ लागलं होतं, आणि ते लागलं त्याच दिवशी चौथीतल्या बनूची शाळा सुटली होती.

गुऱ्हाळ एकदा लागलं की सगळं घर त्यात ओढलं जातं. ऊस तोडायचा, चरकात पिळायचा, रस काहिलीत आटवायचा. मध्ये थांबता येत नाही. तात्या धरून दहा पुरुष राबत होते. बाकीचे नऊ, हरिबासारखे, आसपासच्या मळ्यांतले. आज ते यांच्याकडे, पुढच्या पंधरवड्यात तात्या त्यांच्याकडे, अशी कामाची फेड चाले. ज्याचं गुऱ्हाळ, त्याच्या घरचं जेवण.

त्या जेवणाची सगळी आखणी थोरल्या आईच्या डोक्यात असे. तिला लिहिता येत नव्हतं, पण आठवड्यातला एकही दिवस तिचा कधी चुकला नाही. हुलग्याचं माडगं करायचं तर हुलगे आदल्या दिवशी भिजत घालायचे. बाजाराच्या दिवशी वांग्याचं कालवण, त्यातली चार वांगी मागे ठेवून दुसऱ्या दिवशी भरीत. अंबाडी मिळाली तर दोन दिवस ताणायची. त्या वर्षी ज्वारीचा मोठा वाटा लेव्हीत, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीत, सरकारला गेला होता आणि नवी ज्वारी खळ्यावर यायला दोन महिने होते. म्हणून रोज छत्तीस भाकरींचंच पीठ निघे. सदतिसावी नाही.

चुलीमागच्या भिंतीवर तिनं कोळशानं दहा रेघा ओढल्या होत्या. दहा पुरुष, माणशी तीन, म्हणजे तीस. बनूनं विचारलं होतं, की मग आपण तिघी? थोरली आई म्हणाली होती की सहा उरतील, त्या आपल्या.

त्या कधीच उरल्या नाहीत.

छत्तीसच्या छत्तीस भाकरी मळ्यावर जात. पुरुषांची पंगत उठली की उरलेल्यांतल्या दोन शालूबाईनं तिथंच खायच्या आणि चार बनूनं घरी आणायच्या, असं ठरलेलं. पण तात्यांना एक हौस होती. गुऱ्हाळावर आलेल्याला रस दिल्याशिवाय, ऊन गूळ हातावर ठेवल्याशिवाय परत पाठवत नाहीत, ही सगळ्यांचीच रीत. तात्यांनी ती भाकरीपर्यंत वाढवली. वाटेनं गाडी चालली की ते हाळी घालत, बैल सोडायला लावत, पंगतीत बसवत. पाहुणा पोटभर जेवे आणि जाताना म्हणे की लालासाहेबाच्या गुऱ्हाळावरून कुणी उपाशी जात नाही. ते ऐकताना तात्यांची मान अशी ताठ होई, जशी काही ज्वारी त्यांनीच दळली होती.

बनू रिकामी पाटी घेऊन घरी येई. थोरली आई कालवणाच्या रिकाम्या पातेल्यात पाणी घालून हलवी, ते दोघी पीत. मळ्यावर शालूबाई पिळलेल्या उसाची चिपाडं डोक्यावरून वाहून वाळत घालत असे, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. तिला भूक लागली की ती रस पिई. रसानं घटकाभर बरं वाटे, मग भूक पुन्हा उठे.

तेराव्या दिवशी बनूच्या एक गोष्ट लक्षात आली. बाभळीला बांधलेल्या झोळीत सिद्धू आता मोठ्यानं रडत नव्हता. तो नुसता कण्हत होता. आई त्याला अंगावर घेई, तो दोनदा ओढे आणि तोंड फिरवी. शालूबाईनं पदराआड बघितलं आणि ती हळूच म्हणाली, "आटलं गं बने." घरची म्हैस भाकड होती. बाळाला दुसरं काही देण्यासारखं नव्हतं.

बनू घरी आली ती पाय आपटत. छत्तीस मोजून नेत असूनही तिला वाटत होतं, थोरली आई एखादी जादा थापून कुठंतरी झाकून ठेवते. तिनं दुरडी उपडी केली, शिंकं चाचपलं, परातीखाली बघितलं. काही नव्हतं. थोरली आई चुलीपुढं बसून पातेल्याच्या कडेचं माडगं बोटानं निपटून खात होती. बनूला बघून तिनं बोट लुगड्याला पुसलं.

मग बनूनं कोळसा उचलला आणि दहा रेघांच्या खाली आणखी तीन ओढल्या.

"ह्ये काय?" थोरल्या आईनं विचारलं.

"आपुन. तू, आई आन मी. तुझ्या भिंतीवर आपुन न्हाईच."

"उरतील त्या आपल्याच न्हवं का."

"उरतील म्हंजी काय? हरिबाच्या तीन ठरल्यात, त्या उरायची वाट बगतोय का त्यो? गाडीवाल्यालाबी मिळतीया. सिद्धू मरंल, तवा उरतील."

थोरल्या आईनं तिच्या पाठीत एक रट्टा घातला. मग तिथंच बसून बराच वेळ राखेत काडीनं काहीतरी ओढत राहिली. बनू रडली नाही. तिचा राग रडण्याच्या पलीकडं गेला होता.

दुसऱ्या दिवशी भाकरी झाल्यावर थोरल्या आईनं चार बाजूला काढून शिंक्यावर ठेवल्या. तीस पाटीत रचल्या. राहिलेल्या दोन, वर कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, असं वेगळ्या फडक्यात बांधलं आणि ते गाठोडं बनूच्या हातात दिलं.

"तुज्या आईला दे. तात्यांनी इचारलं तर तूच सांग. मी बोलले तर घर डोक्यावर घेतील. तू पोर हायस, तुजं खपंल."

मुलांनो, थोरली आई वाईट नव्हती. पण हे तिनं बोलायला हवं होतं. पंचवीस वर्षं त्या घराला जेवू घालणाऱ्या बाईनं आपलं बोलणं अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर चढवलं, आणि ते पाटीपेक्षा जड होतं.

बनू मळ्यावर पोचली तेव्हा पंगत बसली होती आणि तात्यांनी आधीच दोन पाहुणे बसवले होते. एक आष्ट्याचे नाथाजी, पलटणीतून पेन्शनीत आलेले, मिशा पिळलेले. दुसरा त्यांचा गाडीवान. बनूनं वाढायला सुरुवात केली. तिसरी फेरी अर्धी झाली आणि पाटी संपली. हरिबा आपल्या रिकाम्या ताटलीकडं बघून म्हणाला, "का गं बने, वाटंत उंदीर लागला काय पाटीला?" सगळे हसले.

तात्या हसले नाहीत. सहा भाकरी कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. चार घरी आहेत, थोरल्या आईच्या आणि माझ्या, असं बनूनं सांगितलं. तेवढ्यात त्यांना तिच्या काखेतलं गाठोडं दिसलं.

"आन ती?"

"आईची."

"वाढ इकडं. पाव्हणं ताटावर बसल्यात."

"न्हाई."

तिकडं शालूबाई चिपाडाचा भारा टाकून उभी राहिली, पदर कपाळावर ओढून. तात्यांचा आवाज चढला. गुऱ्हाळावर कोण उपाशी असतं, रस हाय, गूळ हाय, पी म्हणावं, असं ते बोलले. चार माणसांत घराची अब्रू घालवतेस, असंही बोलले.

बनूनं गाठोडं काखेत घट्ट दाबलं.

"कुणी उपाशी जात न्हाई म्हंता तात्या. माझी आई चौदा दिस उपाशी जातीया. तुमी तिला एक दिस तरी हाळी घातली का, ये, बस म्हून? तिचं दूध आटलंय. रस काय सिद्धूला पाजू?"

नाथाजींनी हातातला घास ताटलीत ठेवला. तात्या उठून उभे राहिले. "दे ती हिकडं," म्हणत त्यांनी हात पुढं केला.

बनूनं गाठोडं दिलं नाही. ती पळालीही नाही. सगळ्यांच्या देखत ती बाभळीखाली गेली आणि आईला दंडाला धरून खाली बसवलं. थोरल्या दिरापुढं जेवायची रीत नव्हती. शालूबाई उठायला बघत होती, नको नको म्हणत होती. बनूनं तिची पाठ पंगतीकडं फिरवली. मग दोघींच्या मध्ये गाठोडं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि आईच्या तोंडात घातला. तो गिळून होईपर्यंत तिनं दुसरा मोडून हातात धरला.