खरी फुलं चालत नाहीत

यंदा जेठात धोंड्याचा महिना आला आणि आमच्याकडची लग्नं सरळ पावसात जाऊन पडली. त्यात आमच्या वर्षालीताईचंही. नितेश जिजाजी अकोल्याचे, नोकरी पुण्याला, सुट्टी मिळणार ती जुलैतच. बाबा म्हणाले, "अंगणातच मांडव टाकू, वरून ताडपत्री." आई म्हणाली, "आन वऱ्हाडी कुठी बसवता, चिखलात?" झालं, एप्रिलपासूनच हॉल शोधणं सुरू.

आणि हॉल शोधायला बाबांनी सोबत कोणाला घ्यावं? मला! गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरी द्यायलाही घाबरायचे. मग वादविवाद स्पर्धेत शाळेतल्या बाईंनी जबरदस्तीनं उभं केलं आणि मी तालुक्यातून पहिली आले. तेव्हापासून अचलपूरच्या स्टँडवर कोणी भेटलं, की बाबा आधी तेच सांगतात. "हे माई लायनी पोरगी. हिच्यासमोर वकील टिकत नाई."

अमरावतीचा पहिला हॉल एवढा मोठा की आत क्रिकेट खेळावं. पण वर टिनाचं छप्पर. आम्ही आत असतानाच अवकाळी पाऊस सुटला आणि मॅनेजरचे नुसते ओठ हलताना दिसायला लागले. मी बाबांच्या कानाशी ओरडले, "अठी मंगलाष्टकं ऐकूच नाई येणार! भटजीले हातवारे करा लागन!" बाबा इतके हसले की मॅनेजरला वाटलं, सौदा ठरला. दुसरा हॉल तळघरात होता. तिथला माणूस मोठ्या अभिमानानं म्हणाला, "पाणी घुसते कदी कदी, पण वऱ्हाडी निघेपर्यंत घोट्याच्या वर येत नाई."

अकोल्याचा हॉल मात्र हॉल होता. पक्का स्लॅब, जनरेटर, आणि नवरी गाडीतून उतरली तर शालूवर थेंब पडणार नाही असं पुढं आलेलं पोर्च. मी बाबांना शेवटच्या रांगेत बसवलं, स्टेजवर चढले आणि माइक न घेता स्पर्धेतलं भाषण ठोकून दिलं. बाबांनी तिथून हात वर केला. शब्द न् शब्द पोचला होता. तिथंच हॉल पक्का झाला. सासरची मंडळीही खूश, त्यांच्या घरापासून जवळ.

परत येताना बाबा म्हणाले, "हॉल तू पायला. आता सजवतो मी."

आमची फुलशेती आहे. झेंडू, शेवंती, निशिगंध. बाबा अमरावतीच्या बाजारात हर्रासाला, म्हणजे लिलावाला, माल नेतात, आणि दसरा-दिवाळीला स्वतःच रस्त्याच्या कडेला ढीग लावून बसतात. गावातल्या प्रत्येक लग्नाला फुलं आमचीच. पण हे घरचं लग्न. लग्नाच्या दिवशी फूल बरोबर भरात यावं म्हणून त्यांनी मुद्दाम वेगळा झेंडू लावला. नवतपाच्या उन्हात रोपं करपायला लागली, तर आईची जुनी लुगडी बांधून सावली केली. आई चिडायची, "पोरीच्या शालूचा पत्ता नाई आन झेंडूले लुगडे!" बाबा मला विचारत राहायचे, स्टेजची मागची भिंत केवढी आहे, खांब किती जाड आहेत. त्यांना सगळा हॉल डोळ्यांसमोर हवा होता.

लग्नाला पंधरा दिवस उरले असतील. मी भांडी पुसत होते. ताई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "दामिनी, मला ती फुलं नकोत."

"कोणती?"

"बाबांची. हॉलमध्ये आर्टिफिशियलचं डेकोरेशन मिळतं, पॅकेजमध्येच आहे. तेच राहू दे."

मला हसू आलं. "तू कदीपासून 'मला-तुला' बोलाले लागली वं? आन खोटे फुलं? फुलवाल्याच्या घरी?"

"तेच," ताई म्हणाली. "तेच तर."

मग सगळं बाहेर आलं. ताईनं तिकडं सांगून ठेवलं होतं, बाबा बागायतदार आहेत. रस्त्यावर बसतात हे नाही सांगितलं. "यांच्या ऑफिसचे लोक येणार आहेत. बाबा काय करतील, तुला माहीत नाही? एकेकाला पकडून सांगतील, हा झेंडू माया वावरातला, किलोमागं काय भाव भेटते." कॉलेजात असताना एका दसऱ्याला ती बाबांसोबत ढिगाजवळ बसली होती आणि वर्गातल्या पोरी हार घ्यायला आल्या. त्यानंतर तीन वर्षं ती 'गजरेवाली' होती. हे तिनं घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मंग तू सांग ना बाबाले."

"मी सांगितलं तर त्यांना कळेल. तू सांग, हॉलचा नियम आहे म्हणून. तुझं ऐकतात ते." आणि ती रडायला लागली. हळद लागायची होती तिला. मी काय करणार होते?

बाबा वावरात होते. झेंडू कंबरेपर्यंत आला होता, कळ्या नुसत्या टच्च. मी म्हटलं, "बाबा, हॉलवाले म्हणतात, खरी फुलं चालत नाहीत."

"कावून?"

"पावसात ओली असतात. गालिच्यावर पाणी गळते, डाग पडतात."

"मी एक दिवस आधी तोडतो. चादरीवर सुकवून नेतो."

"फुलात किडे असतात. लाइटवर जमा होतात."

"एकेक फूल झटकून देतो ना वं. शेजारची मैनाकाकू येते, सत्यभामा येते, बसू सगळे."

"हार बांधाले खिळे ठोका लागतात. भिंती खराब होतात."

"दोरीनं बांधू. खिळा नाई ठोकत एकही."

"बाबा, त्यांचा डेकोरेशनवाला ठरलेला आहे. बाहेरच्याले हात लावू देत नाहीत."

त्यांनी हातातला विळा बांधावर ठेवला. मग म्हणाले, "मी बोलून पायतो मॅनेजरशी."

"मी बोलली ना. नियम म्हणजे नियम."

"तू बोलली?" त्यांचा चेहराच बदलला. "तू बोलून नाई आयकलं, तर माया बापाचं बी नाई आयकणार तो." आणि ते हसले. स्पर्धेत समोरच्याला गप्प केलं की टाळ्या पडतात. वावरात नुसता वारा होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो सगळा झेंडू अमरावतीला हर्रासात गेला. पाऊस होता, भाव पडला होता. बाबांनी तिथंच देऊन टाकला.

लग्नाच्या दिवशी अकोल्यात सकाळपासून झड लागलेली. पण हॉलमध्ये पावसाचा पत्ता लागत नव्हता, असा हॉल मी निवडला होता! जो येईल तो म्हणत होता, वा, जागा काय शोधली. मी मिरवत होते. स्टेजच्या मागं पांढऱ्या-गुलाबी फुलांची भिंत होती, एकसारखी, धुतल्यासारखी. फोटोत फार छान आली.

तेवढ्यात मला बाबा पोर्चमध्ये दिसले. नवीन धोतर, फेटा, आणि हातात झाकलेलं टोपलं. मी धावत गेले. ते मॅनेजरसमोर उभे होते, हर्रासात अडत्यासमोर उभे राहतात तसे.

"साहेब, नियम आहे ते मले माईत आहे," ते म्हणत होते. "पण हे एकच टोपलं. कोरडं आहे, पाहून घ्या. निस्तं पोरीच्या पायाखाली टाकाले. चालन का?"

मी म्हटलं, "बाबा, आत चला, मुहूर्त होऊन राहिला."

मॅनेजर म्हणाला, "कोणता नियम काका?"

"खऱ्या फुलाचा. चालत नाई म्हणे."

"कोण म्हटलं? अहो, गेल्या आठवड्यात अख्खा हॉल शेवंतीनं भरला होता इथं. वास अजून जात नाही. तुम्ही पॅकेज घेतलं म्हणून ही लावली. तुम्ही बोलले असते तर काढून टाकली असती."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले नाहीत. माझ्या घागऱ्याकडं पाहिलं, स्पर्धा जिंकल्यावर बाईंनी दिलेल्या मोत्यांच्या माळेकडं पाहिलं, केस मोकळे सोडले होते तिकडं पाहिलं. जणू बाजारात कोणी ओळखीचं दिसलं आणि ओळख न दाखवता पुढं गेलं.

"बरं," ते म्हणाले. टोपलं परत गाडीत ठेवून आले आणि कन्यादानाला जाऊन बसले.

ताईला यातलं काही कळलं नाही. तिच्या अंगावर अक्षता पडल्या, ऑफिसवाल्यांनी फोटो काढले, बाबांनी हात जोडून सगळ्यांना जेवायला बसवलं आणि फुलाचा एक शब्द कोणाजवळ काढला नाही. निघताना ताई बाबांच्या गळ्यात पडून एवढी रडली की फेटा सुटला. तेही रडले. मग ती माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "थँक्यू." तिला अत्तराचा वास येत होता.

अकोटच्या रस्त्यानं परत निघालो तेव्हा अजून उजेड होता. ड्रायव्हरच्या बाजूला बाबा, मागं मी आणि आई. टोपलं आईच्या पायाशी. अंजनगाव येईपर्यंत मी दोनदा म्हटलं, "बाबा, पाणी देऊ?" त्यांनी नको म्हणून मान हलवली.

मग समोर पाहतच ते म्हणाले, "दामिनी, तुया लग्नात मी फुलं आणणार नाई. तुले खोटं बोला नाई लागणार."

माझ्याकडं उत्तर होतं. अख्खं, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. ताईचं नाव जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आईनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "घर सुनं झालं व. किती गुणाची होती माई वर्षाली. बापाले कदी दुखवलं नाई तिनं."

"नाई," बाबा म्हणाले. "तिनं कदीच नाई."

मी तोंड मिटलं.