आकाशबाबांचा हिरवा गालिचा

आकाशबाबांना यातून काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकू : मावशींचा अर्धा पगार, दरमहा, बसल्या जागी. भाच्याची ड्रोन उडवण्याची कंपनी. मावशी शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. ड्रोन चालवणाऱ्याचे डोळे पडद्यात अडकलेले असतात, म्हणून आभाळावर आणि खालच्या माणसांवर नजर ठेवायला दुसरं माणूस लागतं. ते माणूस म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेल्या मावशी. बाबांचं म्हणणं, आपला मंतरलेला पट्टा ड्रोनला बांधला की वरची नजर आपली. मग मावशी हव्यात कशाला?

प्रात्यक्षिकाला अर्धवट बांधलेल्या इमारतीसमोर ही गर्दी. बाबांच्या शिष्यानं ड्रोन हिरव्या गालिच्यावर ठेवला. चालक बटणं दाबून दमला, पंखे हलेनात. पडद्यावर लाल पट्टी : दिशा कळत नाही.

"ग्रह अडलेत," बाबांनी डोळे मिटले. "यंत्रालाही प्रारब्ध असतं, बाळा. बॅटरी देहाला चालवते, आत्म्याला नाही!"

पट्टा बांधला गेला. फुंकर मारली गेली. "आता मातीवर ठेवा."

ड्रोन भुर्रकन वर! गर्दीनं आ वासला. भाच्याचे डोळे भरून आले. अर्धा पगार वाचला की येतात कधी कधी.

"मावशी, तू बस आता निवांत. सावलीत खुर्ची टाकलीय."

मावशी बसल्या, पण मान वर ठेवून. चालक पडद्यात, बाबा समाधीत, भाचा बाबांच्या पायाशी. ड्रोन मागे मागे सरकत होता आणि त्याच्या पाठीकडून क्रेनचा लांब हात वळत येत होता. खाली दोघीजणी विटा उचलत होत्या. एरवी मावशींनी त्यांना आधीच बाजूला काढलं असतं.

कर्कश शिट्टी वाजली. चालकाचा हात सवयीनं थांबला, ड्रोन जागीच तरंगला आणि क्रेनचा हात त्याला चाटून जाता जाता राहिला.

"पाहिलंत? मीच थोपवला!" बाबा गरजले.

"डोळे मिटून?" मावशी उठल्या. "उतरव रे. आणि ठेव परत त्या गालिच्यावर. पट्टा राहू दे."

पुन्हा लाल पट्टी. पंखे ढिम्म.

"आत्ता तर आशीर्वाद दिलात. इतक्यात उतरला?"

"श्रद्धा कमी पडली, माई."

"असं होय!" मावशींनी पट्टा सोडून बाबांच्या हातात दिला आणि ड्रोन मातीवर ठेवायला लावला. पंखे गरगरले. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा गालिच्यावर टाकला. उचलायला गेल्या, तर तो सुटेना. शिष्य फाटकाकडे सटकला. शिवण उसवली तशी आतून निघाली जुन्या लाउडस्पीकरमधली गोल लोहचुंबकं.

"चुंबकाजवळ ड्रोनचं होकायंत्र चळतं, म्हणून तो उडायला नकार देतो," मावशी वर्गात सांगावं तशा म्हणाल्या. "यंत्र शहाणं, कळेना तेव्हा थांबलं. तुम्ही नाही थांबलात. चमत्कार दिसला की टाळ्या वाजवण्याआधी एकदा जागा बदलून बघा. आणि माणसाच्या नजरेऐवजी पट्टा बांधायचाच असेल, तर त्या ड्रोनखाली आधी स्वतः उभे राहा."

बाबांचा गालिचा गेला. भाच्याची आगाऊ दक्षिणा बुडाली, वर मावशींची खुर्ची त्यालाच उचलून न्यावी लागली. आणि खरी किंमत ज्यांना मोजावी लागली असती, त्या दोघी विटा उचलतच राहिल्या. मान वर करायची त्यांना गरज पडली नाही. त्यासाठी मावशी होत्या.