शिखरावरचा खांब: देव की पाटी?

मी एक जुना लोखंडी खांब आहे, मित्रांनो. निदान मी तरी तसे समजतो. तीस वर्षे एका डोंगराच्या माथ्यावर उभा आहे, पण आपण नेमके कोण, याचा मला अजून पत्ता लागलेला नाही.

माझा जन्म वेल्डिंगच्या एका दुकानात झाला. दुकान कसले, पत्र्याचे छप्पर आणि कधीच नीट बंद न होणारे एक दार. तिथल्या वेल्डरचा धाकटा भाऊ धुक्यात डोंगरावर गेला, पुढे वाट आहे असे समजून चालत राहिला आणि कड्यावरून खाली कोसळला. वेल्डरने महिनाभर कुणाचे काम घेतले नाही. मग त्याने पाण्याचा एक जुना पाइप उचलला, वरच्या टोकाला आडवी पाटी जोडली आणि तीन शब्द लिहिले : 'पुढे वाट नाही'. रंग उडून जातो, म्हणून अक्षरे वेल्डिंगनेच काढली. 'ढे' जरा वाकडा झाला. तो त्याने तसाच ठेवला.

तो आणि त्याची बायको मला वर घेऊन आले. भाऊ तिला वहिनी म्हणायचा, म्हणून सगळे गाव तिला वहिनीच म्हणते. त्यांनी मला कड्यापासून चार पावले अलीकडे पुरले. लोक यायचे, वाचायचे, मागे फिरायचे. आभार कुणी मानत नसे, पण कुणी पडतही नसे. पुढे वेल्डर वारला. वहिनी मात्र अधूनमधून येऊन माझा गंज घासायची.

मग एक दिवस गावातले एक काका आले. चपलांचे दुकान मुलाच्या हाती सोपवून ते नुकतेच मोकळे झाले होते. धापा टाकत त्यांनी मला वाचले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"पुढे वाट नाही! म्हणजे सगळ्या वाटा इथंच येऊन संपतात. केवढं मोठं वचन आहे हे!"

पुढच्या रविवारी ते दहा जणांना घेऊन आले, त्याच्या पुढच्या रविवारी चाळीस. कुणी मला तेल लावले, कुणी कापड बांधले, कुणी पायाशी डोके टेकले. "एवढं मोठं वचन आणि असं कोपऱ्यात?" असे म्हणून अकराव्या वर्षी त्यांनी मला उपटले आणि माथ्याच्या मधोमध, सगळ्यांत उंच खडकावर चौथरा बांधून बसवले. खोटे कशाला बोलू? लोखंडाचा असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

कडा मात्र उघडा पडला. एका धुकट सकाळी दोन शिक्षिका माझ्या पाया पडल्या आणि सरळ तिकडेच चालू लागल्या. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. माझी तर पाचावर धारण बसली. एकीच्या बुटाची नाडी सुटली. ती वाकली, म्हणून तिला पुढची पोकळी दिसली आणि तिने मैत्रिणीला मागे ओढले.

हे कानावर येताच वहिनी जंगल खात्याच्या कचेरीत गेली. काही दिवसांनी साहेब वर आले. काका आणि त्यांची मंडळी आधीच जमली होती.

"हे जंगल सगळ्यांचं आहे," साहेब म्हणाले. "इथं देवस्थान चालत नाही, हलवावं लागेल. धोक्याची पाटी असेल तर राहू शकते. बोला, हे काय आहे?"

अकरा वर्षे मला देव म्हणणारे काका पटकन म्हणाले, "पाटीच आहे हो साहेब! साधी पाटी!"

मला फार लागले. आणि ते खरे होते, म्हणून तर जास्तच लागले.

वहिनी पुढे आली. "पाटी आहे ना, काका? मग पाटीच्या जागी ठेवा."

"अहो वहिनी, पण तिथं कडा आहे!"

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच सिमेंट कालवले आणि मी माझ्या जुन्या जागी परत आलो.

आता सगळे सुरळीत होईल असे मला वाटले होते. पण लोक पाया पडायचे काही सोडत नाहीत. आता ते कड्यापर्यंत येतात. काहीजण मला वळसाही घालतात, आणि माझ्या मागे जेमतेम चार पावले जमीन आहे. परवा एक आजी अशाच मागून येत होत्या. त्यांच्या पायाखालचा दगड निसटून खाली गेला. तो पोचल्याचा आवाज फार उशिरा आला. काका धावत आले, त्यांनी आजींचा दंड धरून त्यांना अलीकडे ओढले.

"आजी, हात लावू नका, नुसतं वाचा!"

"आता देवाला हातसुद्धा लावायचा नाही?" आजी रागावल्या.

काकांनी माझ्याकडे पाहिले, जणू उत्तर मीच देणार होतो. मी काय सांगू? मधोमध उभा राहिलो तर कडा उघडा पडतो आणि इथे उभा राहिलो तर माणसे माझ्यासाठी कड्यावर येतात. मी देव असेन तर त्यांना वाचवायला हवे, आणि पाटी असेन तरीही तेच.

मित्रांनो, कधी वर आलात तर माझ्या जवळ येऊ नका. मला तेल नको, कापड नको. दहा पावलांवर थांबा, तीन शब्द वाचा आणि मागे फिरा. तुमची पाठ दिसली की मला बरे वाटते.