निळ्या पट्ट्यांची सवत

मी आरामखुर्ची बोलतेय. सिरसाळ्यात भीमाशंकररावांचं भांड्यांचं दुकान आहे ना, त्याच्या मागच्या घरात, ओसरीवर माझा मुक्काम असतो. आज माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझं पोट दुखतंय. खुर्चीला कसलं आलंय पोट, असं म्हणाल तर माझं मधलं कापड बघा. इतकी वर्षं माणसांची वजनं घेऊन घेऊन जे खाली लोंबलंय, ते पोट नाही तर काय आहे?

आणि ते दुखतंय एका दुसऱ्या खुर्चीमुळं. ती इथं नाहीच. साता समुद्रापलीकडं कुठल्याशा बेटावर, नारळाच्या झाडाखाली आडवी पडलेली असते मेली. पण तिचं सांगायचं तर आधी माझं सांगायला हवं.

मी अंबाजोगाईच्या एका सुताराच्या हातची, अस्सल सागवानी. केदारनाथअप्पांनी, म्हणजे भीमाशंकररावांच्या वडिलांनी, मला मुद्दाम सांगून करवून घेतलं. सुतारानं माझे हात चांगले लांब ठेवले, पाठीमागं खाचा पाडल्या. दांडा शेवटच्या खाचेत अडकवला की माणूस थेट आढ्याकडं बघत पडतो. अप्पा दुपारी जेवून आले की माझ्यात पडायचे, पोटावर पंचा टाकायचे आणि लगेच घोरायला लागायचे. मला लई बरं वाटायचं.

त्याच सुमारास गंगासागर सून म्हणून या घरात आली. सासऱ्यासमोर सून काही खुर्चीत बसत नसते, त्यामुळं तीही बसली नाही. मात्र रोज सकाळी ओलं फडकं घेऊन यायची. आधी हात पुसायची, मग पाय, मग काडी घेऊन खाचांतली धूळ काढायची. कापड फाटलं की बाजारातून जाडं, पट्ट्यापट्ट्यांचं कापड आणायची, स्वतःच्या मशिनवर शिवायची आणि मला चढवायची. आज माझ्या अंगावर तांबड्या पट्ट्यांचं कापड आहे, तेही तिनंच शिवलेलं.

पुढं अप्पा गेले आणि भीमाशंकरराव बसायला लागले. दुकानातून आले की चपला पायात असतानाच "आगं, पाणी दे" म्हणत माझ्यात कोसळायचे. ते नसले की पाहुणे बसायचे. जावई बसला, मतं मागायला आलेले पुढारी बसले, विम्याचा माणूस बसला, मठातले स्वामी बसले. एकदा तर गल्लीतलं मांजर येऊन दुपारभर झोपलं. गंगासागरनं मांजर हाकललं, मला पुसलं आणि भिंतीला टेकून खाली भाजी निवडायला बसली. मला वाटायचं, बाईला आवडत नसेल. काहींना नाही आवडत पडून राहायला.

असं सगळं बरं चाललं होतं. आणि यंदा दिवाळीनंतर शिवानीचा फोन आला.

शिवानी ही यांची मुलगी. अमेरिकेत असते. तिच्या बाळंतपणाला गंगासागर एकटीच गेलती. व्हिसा तेव्हा दोघांनीही काढला होता, पण भीमाशंकररावांचा पाय काही दुकानातून निघाला नाही. तिकडं जाऊन गंगासागरनं काय केलं? डिंकाचे लाडू वळले, बाळाला तेल लावलं, भांडी घासली. अमेरिका तिनं बघितली ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

"आई, या वेळी काम नाही," शिवानी फोनवर म्हणाली. "मार्चमध्ये मला आठवडाभर सुट्टी आहे. तुम्ही दोघं या. आपण कॅरिबियनला जाऊ. छोटंसं बेट आहे. गर्दी नाही, गोंगाट नाही. नुसता आराम करायचा."

"कुटं आलं म्हणायचं ते?" भीमाशंकररावांनी विचारलं.

"वेस्ट इंडीज, बाबा."

"आरं तिच्या! वेस्ट इंडीज!" त्यांनी माझ्या हातावर थाप मारली. "तिथले फास्ट बॉलर लई बेकार. मी हितंच पडून रेडिओवर ऐकलंय समदं."

मीही ऐकलं होतं. म्हणून मलाही आधी कौतुकच वाटलं. मग शिवानीनं फोटो पाठवला.

पांढरी वाळू, निळं पाणी, वाकलेला नारळ. आणि नारळाखाली ती. लांबलचक, पाय पसरलेली, अंगावर निळ्या पट्ट्यांचं कोरं कापड. लाकूड म्हणाल तर फिकट, कसलं तरी भुसकट असावं. गंगासागर फोन डोळ्याजवळ नेऊन बघत राहिली. मग तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. समुद्र मोठा केला नाही हो, खुर्ची मोठी केली!

"शिवानी, ह्याच्यावर कोण बसतंय?"

"तू बसणार."

"मी?" गंगासागरचा चेहरा असा काही उजळला की मी तो या ओसरीवर कधी पाहिला नव्हता. "आन् ही हाय कुणाची?"

"कुणाचीच नाही गं. जो येईल त्याची."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी इथं, हाताच्या अंतरावर, सागवानी! आणि ही बाई विमानात बसून, समुद्र ओलांडून, त्या बयेच्या मांडीवर जाऊन बसणार? सवत परवडली. ती निदान त्याच गावात असते.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. रोज संध्याकाळी फोन, रोज नवा बेत. गंगासागर विचारायची, "तिथं दिवसभर करायचं काय?"

"काही नाही आई. पडून राहायचं."

"पडून ठीक हाय. पण हातात काय घ्यायचं?"

"काहीच नाही."

"कापूस तरी आणते. वाती वळत बसते."

"आई, वातीबिती काही नाही! नारळपाणी प्यायचं आणि समुद्र बघायचा."

गंगासागर हसायची. मग ती सरावच करायला लागली. खाली भिंतीशी बसून दोन्ही हात मांडीवर ठेवायची आणि काहीही न करता बसून बघायची. जरा वेळ जमायचं. मग एक हात आपोआप जमिनीवरचा कचरा वेचायला लागायचा आणि ती स्वतःशीच "हात् तिच्या" म्हणायची.

सरावासाठीसुद्धा माझ्यात बसली नाही, बघा. उलट मला पुसताना एका हातात फोन आणि फोनवर ती निळी. माझ्या खाचा पुसायच्या राहून जायला लागल्या. मी मनात त्या निळीला शिव्याशाप दिले. म्हटलं, खाऱ्या वाऱ्यानं कुजशील. तुझ्या नारळाचा नारळ तुझ्याच अंगावर पडेल. पण शिव्याशापानं कुठं खुर्च्या मोडतात?

मग युसूफ वडगाव नावाच्या गावाहून रुक्मिणीबाई आल्या. या भीमाशंकररावांच्या थोरल्या बहीण, गंगासागरच्या नणंद. त्यांचा शब्द या घरात अजून कुणी खाली पडू दिलेला नाही. आल्या, हातपाय धुतले, कपाळाला विभूती लावली आणि पाटावर बसून चौकशी सुरू केली.

"भीमा, बेटावर जाताव म्हणं. कोणता देव हाय तिथं?"

"देव न्हाई अक्का."

"न्हाई? मंग बघायला काय हाय?"

"बघायला बी तसं काय न्हाई. समुद्र हाय."

"मंग कावून जायचं? परळीला वैजनाथ दाराशी बसलाय, त्याला सोडून समुद्रात कुटं चाललाव?" रुक्मिणीबाईंनी थोडा विचार केला. "बरं, चाललाच हाव तर मलाबी न्या. बहिणीला मागं ठिवून भाऊ साता समुद्रापार गेला, असं लोक म्हणाया नकोत."

भीमाशंकररावांनी मान डोलावली. ते बहिणीला नाही म्हणूच शकत नाहीत. लगेच शिवानीला फोन लावला. ती पलीकडून कळवळून सांगत होती, "बाबा, आत्याचा अजून पासपोर्टसुद्धा नाही. मार्चपर्यंत व्हिसा कसा होईल? आणि मला पुढं वर्षभर सुट्टी नाही!"

"मंग फुडल्या वर्षी जाऊ," भीमाशंकरराव म्हणाले. "समुद्र काय पळून जातोय का?"

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बरी जिरली त्या निळीची! पुढल्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे या घरात खुर्चीलाही कळतं. आणि समजा गेलेच, तर रुक्मिणीबाई सोबत. त्यांना पूजेनंतर गंगासागरच्याच हातची गरम भाकरी लागते, बेटावर असो नाही तर चंद्रावर.

गंगासागर आत गेली आणि चहा टाकला. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा रुक्मिणीबाईंचं चालूच होतं.

"खरं सांगू का गंगे, निसतं बसायला येवढ्या लांब जायचं म्हंजी येडेपणा हाय. घरात खुर्च्या न्हाईत का? ही काय, चांगली सागवानी हाय."

बाई पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलली, असं मला वाटलं. गंगासागरनं हातातला ट्रे खाली ठेवला.

"हाय ना वन्सं. ह्या घरात आल्यापासनं पुसतीय मी तिला. तिचं कापड मी शिवलंय. पाऊस आला की पळत जाऊन आत मी घेतलंय. पण बसले न्हाई कधी."

भीमाशंकरराव घाईघाईनं माझ्यातून उठले. "मंग बस की! तुला कुणी न्हाई म्हणलंय का? बस, आत्ताच्या आत्ता बस."

मी सगळं कापड ताणून तयार झाले. ये बाई, ये.

"न्हाई," गंगासागर म्हणाली. "तुमी उठलाव म्हणून मी बसले, तर तुमी परत कवा बसताव ह्याच्यावरच माझं ध्यान राहील. आवो, ती तिथली खुर्ची कुणाचीच न्हाई. माझ्यापायी कुणाला उठावं लागत न्हाई. म्हणून जायचं हाय मला. समुद्राचं मला काय करायचंय?"

तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. आणि मला, खरं सांगते, करवत फिरल्यासारखं झालं. मी समजत होते की बाईला आवडत नाही! तिला आवडत होतं. रोज पुसताना तिच्या मनात होतं. मी मात्र जन्मभर कुणाची ना कुणाची होते, आणि रिकामी असले तरी कुणाची तरी वाट बघत होते. त्या वाट बघण्यात तिचं नाव कधीच नव्हतं.

रुक्मिणीबाईंनी चहाचा कप उचलला, न पिता परत ठेवला. "आमच्याबी घरी हाय एक," त्या म्हणाल्या. "तुझ्या भावजींची. ते जाऊन इतकी वर्षं झाली, मी अजून चादर टाकून झाकून ठिवलीय." मग पदरानं तोंड पुसून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तू जा गंगे, यंदाच जा. मी हितं राहते, भीमाच्या जेवणाचं बघते."

"म्हंजी मी बी हितंच," भीमाशंकरराव म्हणाले.

"तुमी कावून? चला की," गंगासागर म्हणाली.

"न्हाई गं. मी आलो तर तिथंबी पाणी दे म्हणंन. तोंडाला सवयच झालीय."

गंगासागरनं पुन्हा आग्रह केला नाही. 'चला की' एकदाच म्हणाली, हे मी नीट ऐकलं.

मार्चमध्ये ती गेली. शेंगदाण्याची चटणी, धपाटे, ज्वारीचं पीठ घेऊन गेली. कापूस मात्र घरीच ठेवला. इथं भीमाशंकरराव स्वतःच्या हातानं पाणी घ्यायला लागले आणि माठ कुठं असतो हे आधी बहिणीला विचारून घेतलं.

काल संध्याकाळी फोन आला. तिकडं तेव्हा सकाळ होती. शिवानीनं फोन असा धरला होता की मला सगळं दिसत होतं. निळं पाणी, वाकलेला नारळ आणि त्या बयेवर माझी गंगासागर. जरीकाठाची साडी नेसून, पाय वर घेऊन, पाठ टेकून. भेगाळलेल्या टाचा समुद्राकडं केलेल्या.

"गंगे, हातात काय हाय गं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"काय न्हाई वन्सं." तिनं दोन्ही तळवे उघडून दाखवले आणि लहान पोरीसारखी हसली. मग बोलता बोलता तिचे डोळे मिटले. शिवानी हळूच म्हणाली, "आई झोपली." गंगासागरच्या कपाळावरची आठी, जी मी तिच्या चेहऱ्याचाच भाग समजत होते, ती गेली होती. भीमाशंकरराव किती तरी वेळ फोनकडं बघत राहिले. मीही बघितलं. जळून खाक झाले, पण बघितलं.

परवा ती परत येतेय. भीमाशंकरराव बहिणीला सांगत होते, "आली की आधी तिला खुर्चीत बसवतो." नका हो! हात जोडते. मला जोडता येत नाहीत, पण जोडले असं समजा. तिला बसवू नका. 'बस' म्हणूच नका. उठून जागाही देऊ नका. फक्त मला रिकामी ठेवा. माझ्यावर पंचा टाकू नका, पेपर ठेवू नका, मांजर आलं तर तुम्ही हाकला. ती फडकं घेऊन येईल, तिला पुसू द्या आणि तुम्ही तिथून निघून जा. आज, उद्या, महिनाभर, लागेल तितके दिवस मी रिकामी राहीन. तुमच्याही ओसरीवर माझी एखादी बहीण असेल, तर तिलाही एवढं करा.

मग बघते मी, त्या निळ्या पट्ट्यांच्या सवतीची तिला आठवण येते का ते.